सपाट नकाशा आणि उभी वस्तु

कल्याण स्टेशनापासून थोड्याच अंतरावर, वालधुनी नदीच्या कांठीं, अंबरनाथचें प्राचीन शिवालय उभें आहे. शिलाहार राजांच्या काळांतील या मंदिरांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा लेख आहे. मंदिराच्या भिंती सरळ गेलेल्या नाहींत. त्या पदोपदीं मोडतात. एक कोन पुढें येतो, दुसरा मागें सरतो, आणि तळांतील हाच कोनांचा क्रम भिंतींवरून चढत चढत शिखराच्या रेषांत जाऊन मिळतो. भूमिज शैलीच्या देवालयांचें हें वैशिष्ट्यच आहे. ज्या सूत्रधारानें हें काम केलें त्याला प्रथम तळ आंखावा लागला असला पाहिजे. परंतु ती सपाट रेघ आंखतांनाच तिच्यावर उभें राहणारें शिखर त्याच्या डोळ्यांपुढें नसतें, तर तळांतील लहानशी चूक वर जाऊन सर्वांस दिसली असती. सपाटांत उभें पाहण्याची ही शक्ति बांधकाम व यंत्रकाम या दोन्ही विद्यांचा पाया होय.

आज ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील आरेखकांवर ही शक्ति नव्या तऱ्हेनें वापरण्याचा प्रसंग आला आहे. ज्यांनीं उमेदीचीं वर्षें प्लॅन व एलेव्हेशन काढण्यांत घालविलीं, त्यांना संगणकाच्या पडद्यावर एकदम तीन मितींची वस्तु उभी करावयास शिकावें लागत आहे. जो हें शिकणार नाहीं त्याची नोकरी धोक्यांत येते. आणि जो शिकावयास बसतो त्याला प्रथम असें वाटतें कीं, आपलें आजवरचें सर्व ज्ञान फुकट गेलें. त्याचें हें वाटणें कितपत खरें, याचा निर्णय करावयाचा तर सपाट नकाशाचा इतिहास थोडक्यांत पाहिला पाहिजे.

अंबरनाथच्या मंदिरानें उलट दिशेचाहि एक धडा दिला आहे. १८६८ सालीं मुंबई सरकारनें या मंदिराचे नकाशे व कोरीवकामाचे साचे करवून घेतले, आणि त्यासाठीं मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे विद्यार्थी तेथें गेले. सूत्रधार रेघेकडून दगडाकडे गेला होता. हे विद्यार्थी दगडाकडून रेघेकडे आले. उभ्या वस्तूला कागदावर आणावयाचें म्हणजे तिची एक मिति टाकून द्यावी लागते. वरून पाहिलें तर उंची जाते, समोरून पाहिलें तर खोली जाते. टाकलेली मिति दुसऱ्या चित्रांत पुनः मिळवावयाची, आणि दोन्ही चित्रें अशीं जुळवावयाचीं कीं वाचणाऱ्याला मूळ वस्तु मापानिशीं परत उभी करतां यावी, ही आरेखनाची मुख्य युक्ति आहे.

या युक्तीला शास्त्राचें रूप दिलें तें गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञानें. त्याचा जन्म १७४६ सालचा. ठाण्याच्या खाडीजवळ पोर्तुगीजांनीं १७३० सालीं किल्ला बांधावयास घेतला, तो पुरा होण्यापूर्वींच १७३७ सालीं मराठ्यांनीं जिंकला, आणि त्याच किल्ल्यांत आज ठाण्याचें मध्यवर्ती कारागृह आहे. मोंजची हकीकत त्याच शतकांतील, आणि तीहि किल्ल्यांचीच आहे. समोरच्या टेकडीवरील तोफेचा मारा आंत पोंचूं नये म्हणून किल्ल्याची भिंत कोठें किती उंच ठेवावी, हें ठरविण्यास त्या काळीं आंकडेमोडीचा मोठा खटाटोप करावा लागे. मेझिएर येथील लष्करी शाळेंत हें काम मोंजकडे आलें, तेव्हां त्यानें तें रेघांनीं सोडविलें; आणि इतक्या लवकर सोडविलें कीं, वरिष्ठांनीं प्रथम त्याचें उत्तर तपासण्याचेंहि नाकारलें. खरेपणा पटल्यावर मात्र ती रीत लष्करी गुपित म्हणून राखून ठेवण्यांत आली. राज्यक्रांतीनंतर, १७९५ सालीं, मोंजनें पॅरिस येथें तिच्यावर उघड व्याख्यानें दिलीं व १७९९ सालीं तीं पुस्तकरूपानें निघालीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं शाळेंत असतांना इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली असेल, त्यांना घनभूमितीचा प्रश्न आठवत असेल. तो प्रश्न म्हणजे मोंजचीच रीत होय. एक वही काटकोनांत उघडून तिचें एक पान टेबलावर आडवें व दुसरें भिंतीशीं उभें ठेवावें आणि मध्यें एक कांड्यांची पेटी धरावी. पेटीचें वरून दिसणारें रूप आडव्या पानावर उतरविलें कीं प्लॅन झाला. समोरून दिसणारें रूप उभ्या पानावर उतरविलें कीं एलेव्हेशन झालें. नंतर वही सपाट उघडली कीं दोन्ही चित्रें एकाच कागदावर, एकाखालीं एक येतात. आपल्याकडे रूढ असलेल्या या प्रथम कोन पद्धतींत एलेव्हेशन वर व प्लॅन खालीं असतो. अमेरिकेंत कागद वस्तूच्या पुढें कांचेसारखा धरला आहे असें मानितात, त्यामुळें तेथें प्लॅन वर जातो व डाव्या-उजव्या बाजूंच्या चित्रांच्या जागाहि बदलतात. कागदाच्या कोपऱ्यांतील पद्धतीची खूण न पाहतां परदेशीं नकाशा वाचला, तर डाव्या हाताचा भाग उजव्या हाताचा होऊन बसतो आणि ओतलेलें बीड भंगारांत जातें.

कोंकणच्या या भागांत अशा आरेखनाची मोठी गरज पडली ती लोहमार्गामुळें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, आणि १ मे १८५४ रोजीं मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. मध्यें ठाण्याची खाडी व मुंब्र्याजवळचा डोंगर. म्हणजे पूल आणि बोगदे आलेच. अशा मार्गाचा प्लॅन कितीहि चांगला काढला तरी चढ किती व खोदाई किती हें त्यावरून कळत नाहीं. त्यासाठीं लांबीचा छेद निराळा व रुंदीचे छेद निराळे काढावे लागतात. या सर्व कागदांच्या नकला काढण्याची सोय जॉन हर्शेल यानें १८४२ सालीं शोधलेल्या निळ्या छपाईच्या रीतीनें पुढें झाली. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा असलेले ते नकाशे अनेक पिढ्यांनीं वापरले. मागून त्यांची जागा अमोनियावर काढलेल्या प्रतींनीं घेतली.

१ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ या ठिकाणीं कारखान्यांची वस्ती वाढत गेली. कारखाना म्हटला कीं ड्रॉइंग ऑफिस आलेंच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून तरुण तेथें लागे. उतरत्या फळ्यावर कागद ताणून बसवावयाचा, टी-स्क्वेअर व गुण्या सरकवीत पेन्सिलीनें आकृति काढावयाची, ती तपासून झाली कीं ट्रेसिंग कागदावर शाईनें उतरावयाची, आणि चूक झाल्यास ब्लेडच्या कडेनें शाई अशा बेतानें खरवडावयाची कीं कागदाला भोंक पडूं नये, असा त्याचा दिवस जाई. हाताची ही सफाई त्याच्या विद्येची बाहेरची बाजू झाली. आंतली बाजू अशी कीं, तीन सपाट चित्रें पाहून त्यांतून एक वस्तु मनांत उभी करणें, तिला मनांतच फिरविणें आणि तिचा न दिसणारा कांठ नेमक्या जागीं तुटक रेघेनें दाखविणें त्याला जमत असे.

तथापि या पद्धतींत एक उपजत उणीव होती. प्लॅन, एलेव्हेशन व सेक्शन हीं एकाच वस्तूचीं चित्रें असलीं, तरी कागदावर तीं परस्परांस ओळखत नाहींत. प्लॅनमध्यें भोंक दोन मिलिमीटर सरकविलें तर एलेव्हेशनमधील भोंक आपण होऊन सरकत नाहीं. आरेखकानें आठवणीनें तें सरकवावें लागतें. इमारतीच्या कामांत तर आर्किटेक्टचा नकाशा एक, सांगाड्याचा दुसरा, नळांचा तिसरा व विजेचा चौथा. प्रत्येक आपापल्या जागीं बिनचूक असूं शकतो; पण तुळई जेथून जाते तेथूनच सांडपाण्याचा नळहि जातो, हें त्यांपैकीं एकाहि कागदावर दिसत नाहीं. तें दिसतें काम चालू झाल्यावर, आणि मग तयार काँक्रीट फोडावें लागतें.

जुळणीचें हें महत्त्व कल्याणकरांना पत्री पुलाच्या उदाहरणानें सहज पटेल. लोहमार्गावरील तो शंभर वर्षांहून जुना पूल २०१८ सालीं उतरविण्यांत आला. नव्या पुलाचा सुमारें ७६ मीटर लांबीचा पोलादी सांगाडा तयार झाला हैदराबादेस. त्याचे भाग कल्याणास आणून जोडण्यांत आले, नोव्हेंबर २०२० मध्यें तो सांगाडा लोहमार्गावर सरकवून बसविण्यांत आला, आणि जानेवारी २०२१ मध्यें पूल रहदारीस खुला झाला. शेंकडों मैलांवर बनलेल्या एका तुकड्याचें भोंक दुसऱ्याच्या भोंकावर तंतोतंत यावयाचें, तर अशा कामाच्या दोन कागदांत मतभेद असून चालत नाहीं.

संगणकानें ही अडचण दूर केली, असें सांगण्यांत येतें. तें खरें आहे. पण ती एकदम दूर झाली नाहीं. १९६३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत आयव्हन सदरलँड यानें स्केचपॅड नांवाची आज्ञावली पुरी केली. पडद्यावर प्रकाशलेखणी टेंकवून तींत रेघा ओढतां येत. त्याच वर्षीं तेथेंच टिमथी जॉन्सन यानें तिला तिसरी मिति जोडली. त्यानें पडद्याचे चार भाग केले. तिहींत वरचें, समोरचें व बाजूचें दर्शन आणि चवथ्यांत यथादर्शन चित्र. एका भागांत रेघ ओढली कीं ती इतर भागांत आपोआप उमटे. मोंजची उघडलेली वही जणूं पुनः काटकोनांत मिटली होती. परंतु ही आकृति तारांच्या पिंजऱ्यासारखी होती. तिच्यांत भरीव काय व पोकळ काय हें यंत्राला कळत नसे. तें ज्ञान यंत्राला देण्याचें काम १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत केंब्रिज येथें इयन ब्रेड व अमेरिकेंत रॉचेस्टर येथें हर्बर्ट व्होएल्कर यांनीं केलें. १९८८ सालीं बाजारांत आलेल्या प्रो-इंजिनियर या आज्ञावलीनें आणखी एक पाऊल टाकलें: माप बदललें कीं त्यावर अवलंबून असलेली सारी आकृति आपण होऊन बदलूं लागली.

आपल्याकडे मात्र बहुतेक ड्रॉइंग ऑफिसांत प्रथम आला तो ऑटोकॅड. ही आज्ञावली १९८२ सालची. १९८४ च्या संगणकविषयक धोरणानें व १९९१ च्या आर्थिक सुधारणांनीं यंत्रें आणणें सोपें झालें, आणि पुढील कांहीं वर्षांत लांकडी फळे कोपऱ्यांत जाऊन पडले. ऑटोकॅडला तीन मितींची चांगली सोय १९८८ च्या दहाव्या आवृत्तींतच मिळाली होती. पण तिचा उपयोग क्वचितच होई. टी-स्क्वेअरचें काम माऊस करूं लागला, शाई खरवडण्याचें संपलें, परंतु नकाशा सपाट तो सपाटच राहिला. आरेखकाला तो बदल तितकासा जड गेला नाहीं, कारण विचार करण्याची रीत तीच होती. खरी परीक्षा पुढें आली, जेव्हां गिऱ्हाईक नकाशाऐवजीं घनाकृतीचीच मागणी करूं लागलें.

एक साधें उदाहरण घेतां येईल. २०० मिलिमीटर व्यासाची, २० मिलिमीटर जाडीची, १८ मिलिमीटरचीं आठ भोंकें असलेली पोलादी चकती काढावयाची आहे. फळ्यावर आरेखक प्रथम मध्यरेषा आंखतो, वर्तुळ काढतो, आठ भोंकांचीं वर्तुळें मांडतो, आणि शेजारीं बाजूचें चित्र काढून त्यांत भोंकांच्या तुटक रेघा दाखवितो. संगणकावर घनाकृति करतांना तो वर्तुळ काढतो व त्यास २० मिलिमीटर जाडी देऊन चकती उचलतो. तींतून एक भोंक कापतो आणि तेंच मध्याभोंवतीं आठ वेळां फिरवितो. बाजूचें चित्र त्याला काढावेंच लागत नाहीं. तें मागितलें कीं मिळतें, छेद मागितला तर तोहि मिळतो, आणि वजन मागितलें तर सुमारें ४.६ किलो असें उत्तर येतें. भोंकें आठांऐवजीं सहा केलीं तर सगळीं चित्रें त्याबरहुकूम बदलतात. या पद्धतींत चूक होऊं शकते. परंतु एकाच आकृतीपासून निघालेलीं दोन चित्रें एकमेकांविरुद्ध बोलूं शकत नाहींत.

इतकें सोपें असतां पन्नाशीच्या आरेखकाला तें कठीण कां जातें? दिवसभर कामावरून आलेला मनुष्य संध्याकाळीं स्टेशनाजवळच्या वर्गांत मुलाच्या वयाच्या शिक्षकापुढें बसतो आणि शेजारचा विशीचा मुलगा त्याच्यापुढें जातो, हें दृश्य या शहरांत नवलाचें नाहीं. पहिली अडचण अशी कीं, त्याचा हात रेघ काढतो आणि यंत्राला वस्तु हवी असते. त्याला सवय आहे कांठ दाखविण्याची. येथें कांठ हा दोन पृष्ठभागांच्या मिळणीचा परिणाम असतो, तो निराळा काढावयाचा नसतो. दुसरी अडचण दिशेची. कागदाला वर-खालीं ठरलेलें असतें. पडद्यावरील वस्तु फिरूं लागली कीं आपण कोणत्या पातळीवर काढीत आहोंत याचें भान सुटतें, आणि समोर मांडलेलें वर्तुळ फिरवून पाहतांच भलत्याच खोलीवर तरंगतांना दिसतें.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. सपाट नकाशांत मौनाला जागा होती. अवघड कोपऱ्यावर 'जागेवर जुळवून घ्यावें' एवढें लिहून आरेखक पुढें जाई आणि उरलेला विचार फिटर किंवा गवंडी करी. घनाकृतींत असें मौन धरतां येत नाहीं. पत्रा कोठें वळतो, बोल्टचें डोकें कोठें बसतें, पान्याला फिरावयास जागा आहे कीं नाहीं, हें आरेखकालाच ठरवावें लागतें. दोन भाग एकमेकांत घुसले तर यंत्र तें दाखवून देतें. जो प्रश्न पूर्वीं कारखान्यांत उद्भवे तो आतां टेबलावर उद्भवतो.

परंतु नेमकें येथेंच जुन्या मनुष्याचें ज्ञान उपयोगी पडूं लागतें. घनाकृति कोणत्या क्रमानें रचावी याला महत्त्व असतें; पहिलें पाऊल अयोग्य पडलें तर मागून एक माप बदलतांच सारी रचना कोलमडते. ज्यानें लेथवर काम होतांना पाहिलें आहे, आधीं काय कापतात व मागून काय छेदतात हें ज्याला ठाऊक आहे, त्याचा क्रम बहुधा बरोबर येतो. शेजारचा मुलगा बटणें लवकर शिकतो. तथापि त्यानें उभी केलेली सुबक वस्तु ओततां येईल कीं नाहीं, तिच्या आंतल्या कोपऱ्यांत हत्यार पोंचेल कीं नाहीं, हें त्याला पुष्कळदां सांगतां येत नाहीं. छायाप्रकाशासह फिरणारें चित्र पाहणाऱ्याला सहज पटतें. आणि जें सहज पटतें तें तपासून पाहण्याचा कंटाळा येतो.

या नव्या रीतीचें यश व तिची मर्यादा विमानांच्या इतिहासांत स्पष्ट दिसते. जून १९९४ मध्यें प्रथम उडालेलें बोइंग ७७७ हें विमान संपूर्णपणें संगणकावर आरेखिलेलें होतें. उलट, २००६ सालीं एअरबस कंपनीच्या ए-३८० या प्रचंड विमानाचें काम मोठ्या विलंबांत सांपडलें. हँबर्ग व तुलूझ येथील कार्यालयें एकाच आज्ञावलीच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या वापरीत होतीं, आणि विजेच्या तारांचे जुडगे विमानांत बसवितांना तोकडे पडले. म्हणजे दोन कागदांतील जुना मतभेद दोन संगणकांतहि शिरूं शकतो. आकृतीवर विसंबून मनुष्यानें आपली नजर मिटून घेतली कीं तो शिरतोच.

शिवाय सपाट नकाशाचें काम संपलेलें नाहीं. इमारतीची परवानगी मिळवितांना आजहि मजल्यांचे प्लॅन, सेक्शन व क्षेत्रफळाचे आंकडे द्यावे लागतात. कारखान्यांत फिटरच्या हातीं पडतो तो बहुधा कागदच, आणि त्यावरील मापें व कमी-अधिक चालणाऱ्या फरकाच्या मर्यादा वाचूनच तो भाग घडवितो. घनाकृति ही मूळ व नकाशा ही तिची छाया, असा संबंध आतां उलटला आहे इतकेंच. छाया वाचतां येणारा मनुष्य मात्र हवाच. म्हणून नव्या मुलांनीं घनभूमितीच्या दोन पातळ्या वगळून एकदम पडद्याकडे धांव घेणें हितावह नाहीं, आणि जुन्या आरेखकांनीं आपल्याला कांहींच येत नाहीं असें समजून वर्ग सोडणें हेंहि योग्य नाहीं.

शिक्षणाची सोयहि आतां पूर्वींइतकी महाग राहिलेली नाहीं. फ्रीकॅड ही तीन मितींची आज्ञावली २००२ पासून विनामूल्य मिळते. ठाण्याच्या शेजारीं, पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेनें मुक्त आज्ञावलींचे बोलके पाठ तयार केले आहेत आणि त्या उपक्रमांत मराठी भाषेलाहि स्थान आहे. उणीव आहे ती शिकविण्याच्या रीतीची. पन्नाशीच्या मनुष्याला कळफलकावरील खुणा पाठ करावयास लावण्यापूर्वीं, त्यानें स्वतः पूर्वीं काढलेला एखादा नकाशा त्याच्यापुढें ठेवावा आणि त्यांतील वस्तु पडद्यावर उभी करावयास सांगावें. ती वस्तु त्याच्या मनांत अनेक वर्षें उभी आहेच. प्लॅन पाहून जिचा मागचा कांठ त्यानें तुटक रेघेनें दाखविला होता, ती फिरवून तोच कांठ त्याला प्रत्यक्ष पाहतां आला, कीं पुढचें शिकणें त्याचें त्यालाच सोपें जातें.